धुऱ्यावरचं झाड आणि पेट्रोलची करवत

साकोली तालुक्यातल्या सानगडीला किल्ल्याच्या टेकडीवरून खाली पाहिलं, की या भागाला झाडीपट्टी का म्हणतात ते कुणाला विचारावं लागत नाही. धानाच्या बांध्या, त्यांच्यामध्ये तलाव आणि बोड्या, बांधीला बांधीपासून वेगळं करणारे धुरे, आणि त्या धुऱ्यांवर झाडं. ऐन, मोहा, पळस, बाभूळ, चिंच, आंबा, कुठे सागाची एखादी रांग. जंगलही इथून दूर नाही. पण गावाची कुऱ्हाड पिढ्यानपिढ्या ज्या झाडांवर चालत आली ती मुख्यतः धुऱ्यावरची.

आणि ही कुऱ्हाड बहुतेक वेळा झाड पाडत नाही, ती छाटते. होळी झाली की मृगाच्या पावसापर्यंत हेच काम. धुऱ्यावरच्या ऐनाची सावली बांधीत पडली तर त्या पट्ट्यातलं धान पोसत नाही, म्हणून फांद्या उतरवायच्या. जाड फांद्या सरपणाला, बाभळीच्या काट्या कुंपणाला, सरळ फांदी मांडवाच्या डेळीला. ऐनावर कोशाच्या अळ्या सोडणारे लोकही झाड मुद्दाम छाटतात, कारण छाटलेल्या झाडाला कोवळा पाला फुटतो आणि अळीला तोच हवा असतो. तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी होणारी खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, हे याच विद्येचं दुसरं रूप. थोडक्यात, कापल्यावर झाडाला काय फुटेल याचा हिशेब झाडीपट्टीला जुना आहे. नवीन आहे ते यंत्र.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलवर चालणारी चेन सॉ तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचली. कुणी तिला कटर म्हणतं, कुणी नुसतंच ‘मशीन’. दुकानात गेलं, की समोर सर्वांत आधी येते ती लांब पट्टीची, ५८ सीसी आणि २२ इंच लिहिलेली. “मोठीच घ्या ना भाऊ, एकदाच काय तो खर्च,” हा सल्ला तिच्यासोबत फुकट मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे असं मला वाटतं, आणि तो का चुकीचा आहे हे आधी सांगतो.

आधी लाकूड मोजावं, मग यंत्र. वर्षभरात आपण जे जे कापलं ते आठवावं. धुऱ्यावरच्या छाटणीत दहापैकी नऊ काप मनगट ते मांडी एवढ्या जाडीचे असतात. मनगटाएवढ्या फांदीला यंत्र लागतच नाही. वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी हातकरवत तिथे पुरते आणि कुऱ्हाडीपेक्षा कितीतरी स्वच्छ काप देते. मांडीएवढ्या लाकडाला ३५ ते ४५ सीसीचं इंजिन आणि १४ किंवा १६ इंचांची पट्टी भरपूर झाली. पट्टी लाकडाच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त असली की बास. त्याहून जाड बुंधा वर्षातून एखाद्या वेळी आला, तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. तसा काप हात बसलेल्या माणसानेच घ्यावा एवढंच. दरवर्षी जुने आंबे आणि चिंचा पाडण्याचा ज्याचा धंदाच आहे, त्याने मोठी करवत जरूर घ्यावी. बाकीच्यांना लांब पट्टी म्हणजे हातात जास्त वजन, धारेला जास्त दात, आणि टोक नजरेआड जाऊन दुसऱ्याच फांदीला लागण्याचा जास्त धोका. शिवाय लांब पट्टीला तेवढं दमदार इंजिन लागतं. खोक्यावर छापलेला आकडा आणि इंजिनाची खरी ताकद यांची सोयरीक प्रत्येक वेळी जुळलेली असतेच असं नाही.

ताकदीचाही अंदाज असू द्यावा. चांगल्या बनावटीची ५० सीसीची करवत साधारण सव्वादोन ते अडीच किलोवॉट ताकद देते. धडधाकट माणूस दिवसभर राबताना सरासरी ७५ वॉटच्या आसपास काम करतो. म्हणजे पाच-सहा किलोच्या त्या यंत्रात तीसेक माणसांचा जोर भरलेला असतो, आणि तो सगळा आपल्या दोन मनगटांमध्ये, मांडीपासून हातभर अंतरावर फिरत असतो. साखळीचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. राज्य महामंडळाची एसटी रस्त्याने जाते तो हा वेग.

गंमत अशी, की साखळीच्या करवतीचा जन्म जंगलात झालाच नाही. दातेरी साखळीने कापायची कल्पना प्रथम शस्त्रक्रियेत आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी हाड कापायला तशी साखळी वापरली. पुढे १८३०च्या सुमारास जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइने याने मुठीने फिरवायचं यंत्रच बनवलं. लाकडाकडे ती वळली ती विसाव्या शतकात. आंद्रेआस स्टील या जर्मन अभियंत्याने १९२६ साली विजेवर चालणारी करवत आणली. तिचं वजन ४८ किलो होतं आणि ती धरायला दोन माणसं लागत. एकट्या माणसाला पेलेल अशी त्याच्याच कंपनीची पेट्रोल करवत १९५० साली आली, तीही १६ किलोंची.

पण केवळ यंत्र हलकं होऊन काम सोपं होणार नव्हतं. दुसरी अडचण साखळीच्या दातांत होती. ते दात हातकरवतीसारखे सरळ, ओरखडणारे असत. पटकन बोथट होत आणि कानशीत तासन्‌तास जात. उत्तर सापडलं ते एका अळीकडे बघून. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली सरपण फोडत असताना एका कुजक्या ओंडक्यात त्याला भुंगेऱ्याची अळी दिसली. बोटाएवढी जाड. ती लाकूड आडवं-उभं कसंही सहज पोखरत होती. त्याने नीट पाहिलं, तर तिचे जबडे ओरखडत नव्हते. एक डावीकडून, एक उजवीकडून, असे आळीपाळीने लाकडाचा पापुद्रा काढत होते. कॉक्सने तसाच पोलादी दात घडवला, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ साली त्या साखळीचा कारखाना काढला. आज साकोलीच्या दुकानात टांगलेल्या साखळीचा दात बोटावर धरून पाहा. तिथे ती अळीच आहे.

हा दात कळला की चेन सॉची निम्मी विद्या कळली. प्रत्येक दाताला दोन भाग असतात. मागे कापणारं पातं, पुढे एक लहानसं बोंड. पातं किती खोल घुसायचं ते हे बोंड ठरवतं. नव्या साखळीत बोंड पात्याच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतं. पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडीएवढं. पातं घासून घासून मागे सरकत गेलं की उतारामुळे तेही खाली जातं, आणि मग बोंडच उंच राहतं. अशा वेळी धार वस्तऱ्यासारखी असली तरी करवत लाकडावर नुसती घसरते. म्हणून चार-पाच वेळा धार लावून झाली की चपट्या कानशीने बोंडही खाली घ्यावं लागतं. पण फार नाही. उत्साहाच्या भरात ते जास्त घासलं तर दात लाकडात रुततो, करवत धक्के देते, आणि हे धक्के पुढे सांगणार आहे त्या संकटाला निमंत्रण देतात.

गोल कानशीचा आकार साखळीप्रमाणे ठरतो. लहान करवतीच्या बुटक्या साखळीला बहुधा ४ मिलिमीटर, मधल्या आकाराच्या साखळीला ४.८. साखळीच्या वेष्टनावर हे लिहिलेलं असतं, आणि ते वेष्टन फेकू नये. कानस ३० अंशांच्या आसपास तिरकी धरायची, आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात. डावे दात आठ वेळा आणि उजवे पाच वेळा घासले, तर करवत सरळ कापायचं सोडून वळायला लागते, आणि माणूस म्हणतो पट्टी वाकली.

धार गेली हे कळायला दुकानदाराकडे जायची गरज नाही, भुसा बघावा. धारदार साखळी जाडसर, चौकोनी ढलप्या उडवते. पिठासारखी भुकटी पडायला लागली की थांबायचं. बोथट करवतीवर माणूस नकळत भार देतो, साखळी तापते, पट्टीला निळी झाक येते, पेट्रोल दुप्पट जातं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात थकतात. एरवी टाकीभर-दोन टाक्या पेट्रोल संपलं की दोन-तीन हात कानस फिरवण्याचा नेम ठेवला, तर ही वेळ येत नाही.

आपल्याकडे धार लवकर का जाते याला इथली कारणं आहेत. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक; साग मऊ कापला जातो पण धार खातो. बाभूळ आणि चिंच जात्याच कठीण. त्यातही वाळलेली बाभूळ कापण्यापेक्षा ओली कापून मग वाळवणं शहाणपणाचं. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माती. धुऱ्यावरच्या झाडांच्या बुंध्यावर वाळवीची मातीची पुटं चढलेली असतात. ती कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खरवडून काढल्याशिवाय साखळी लावू नये. जमिनीवर पडलेला ओंडका कापताना खाली दोन लाकडं सरकवावीत. साखळी एकदा मातीला लागली, की सकाळपासूनची धार एका सेकंदात जाते. जुन्या झाडात कुणी ठोकलेला खिळा किंवा खोडाने गिळलेली कुंपणाची तारही असू शकते. तारेचं कुंपण खोडात ज्या उंचीवर शिरलं आहे, त्याच्या वीतभर वर-खाली कापू नये.

इंजिनाबद्दल थोडक्यात. हे टू-स्ट्रोक इंजिन. यात वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्येच टूटी तेल मिसळायचं. चांगल्या तेलाला बहुधा लिटरला २० मिलिलिटर, साध्याला ४०. करवतीच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिलं असेल ते मानावं आणि ‘अंदाजे एक झाकण’ हे माप विसरावं. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी. पेट्रोल संपताना तीही संपत आलेली असावी. ती भरलेलीच राहिली असेल, तर साखळी कोरडी फिरते आहे. करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरली तरी बंद पडत नाही, कारण तिच्या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलसारखी तरंगती गोळी नसून रबरी पडदा असतो. हा पडदा नाजूक. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर पडद्याची आणि नळ्यांची वाट लावतं. म्हणून हंगाम संपला, की टाकी रिकामी करून करवत बंद पडेपर्यंत चालवायची. रोवणीच्या धांदलीत हे राहून जातं, आणि दिवाळीनंतर दोरी ओढून ओढून खांदा उतरतो.

आता ते संकट. पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग चालत्या साखळीसह कशाला टेकला, की साखळी लाकूड कापायच्या ऐवजी लाकडावर चढू पाहते. सगळी ताकद उलटते आणि पट्टी वर्तुळात उसळून माणसाच्या तोंडाकडे, मानेकडे येते. हे पापणी लवायच्या आत होतं. सावध राहून टाळता येईल अशी ही गोष्टच नाही. ती फक्त आधीच्या सवयींनी टाळता येते. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून गुंडाळलेला. करवत खांद्याच्या वर न्यायची नाही. शरीर साखळीच्या रेषेत ठेवायचं नाही, जरा डावीकडे. टोकाने काप सुरू करायचा नाही. पुढच्या मुठीसमोर जी आडवी पट्टी असते ती ब्रेकची. उसळी आली की मनगट तिच्यावर आदळतं आणि साखळी जागच्या जागी थांबते. करवत विकत घेताना दुकानातच ती चालू करायला लावावी आणि ब्रेक लावून पाहावा. ज्या करवतीला हा ब्रेक नाही, किंवा आहे पण नुसता शोभेला, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. निवडीच्या बाबतीत एवढी एकच गोष्ट मी हट्टाने सांगेन.

करवतीइतकाच खर्च अंगावरच्या साहित्याला करावा, हे सांगितलं की लोक हसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना जाड पँट कोण घालणार? मुद्दा बरोबर आहे. पण ही पँट जाडीने वाचवत नाही. तिच्या आत लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळीच थांबते. पूर्ण पँट नको असेल, तर त्याच कापडाचे पुढून बांधायचे पायपट्टे मिळतात. सकाळी ६ ते ९ काम करावं आणि उन्हात करवत ठेवून द्यावी. जाळीचं हेल्मेट, कानावरचे टोप आणि टाच पक्की असलेले बूट हेही हवेत. करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. रोज ऐकणाऱ्याचे कान हळूहळू जातात, आणि जातात तेव्हा कळत नाही. चपलेवर करवत चालवणारा माणूस मी पाहिला आहे. गमछा मानेला गुंडाळून, त्याचं टोक वाऱ्यावर उडवत चालवणाराही पाहिला आहे. त्या दोघांच्या नशिबावर मला काही म्हणायचं नाही.

झाड पाडणं हा मात्र यंत्राचा विषयच नव्हे. यंत्र कापतं, पडायचं काम झाड आपल्या वजनाने करतं. हे वजन डोळ्याला कळत नाही. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे दोन क्विंटल भरतो. जाडी दुप्पट झाली तर वजन चौपट, म्हणजे आठ क्विंटल. म्हणून आधी झाडाभोवती फिरून वर बघायचं. झुकाव कुठे, फांद्यांचा भार कुठे, वाळलेली फांदी कुठे अडकली आहे. खोडावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकून पाहायचा. पोकळ असेल तर आवाज सांगतो. जुन्या मोह्याच्या आणि चिंचेच्या पोटात ढोली असते, ढोलीत कधी पिंगळा असतो, कधी साप. आणि वर आग्या मोहोळ असेल, तर त्या दिवशी करवतीची दोरीच ओढायची नाही. यंत्राच्या आवाजाने आणि हादऱ्याने उठलेल्या मोहोळापुढे हेल्मेट काही कामाचं नाही.

पडायच्या दिशेला आधी खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या पाव भागापर्यंत, फाकलेल्या तोंडाची. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा जरा वर. हे दोन काप एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत. मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी न कापलेली पट्टी राहिली पाहिजे. ती बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर फिरत खाली येतं आणि ठरलेल्या दिशेलाच येतं. बिजागरी कापून टाकली, की झाड वाऱ्याचं. मागच्या कापात प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोकत जावी. लोखंडाची नको, साखळी लागली तर दात उडतात. झाड हलायला लागलं की मागे तिरकं, आधी साफ करून ठेवलेल्या वाटेने निघायचं. सरळ मागे नाही, कारण बुंधा कधी कधी मागे सरकतो. बाकी मंडळींनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. गावात झाड पाडताना हा नियम पाळणं सर्वांत अवघड, कारण पाहायला अर्धं गाव येतं.

अवकाळी वादळानंतरचं काम याहून वाईट. आडव्या पडलेल्या झाडात वाकवलेल्या धनुष्यासारखा ताण भरलेला असतो. वाकलेल्या फांदीची एक बाजू दाबलेली असते, दुसरी ताणलेली. आधी दाबलेल्या बाजूला थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू. उलट केलं तर फांदी फाटून उसळते किंवा पट्टी लाकडात चिमटली जाते. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला, की मुळांचा गड्डा खटकन उभा होऊन खड्ड्यात परत बसू शकतो. मुलांना त्या खड्ड्यात उतरून खेळायला फार आवडतं. आणि झाड तारेवर पडलं असेल, तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद झाल्याचं सांगेपर्यंत हात लावायचा नाही. ‘लाइट गेली आहे’ म्हणजे लाइन बंद आहे असं नव्हे.

आता पुन्हा धुऱ्यावर येऊ, कारण आपलं खरं काम तिथे. छाटणीत करवतीइतकाच काप कुठे घ्यायचा हा प्रश्न मोठा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळं असतं, गळ्यातल्या गोफासारखं. जखम बुजवणारं काम तिथून होतं. ॲलेक्स शायगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून दाखवलं, की झाड जखम ‘बरी’ करत नाही. ते कुजका भाग आतून भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ते वळं खोडासरशी कापून टाकलं, तर भिंतच उभी राहत नाही आणि कूज बुंध्यात उतरते. वीतभर खुंट ठेवला तरी तोच परिणाम. म्हणून काप वळ्याच्या लगत बाहेर. जड फांदीला तीन काप: आधी वीतभर लांबून खालच्या बाजूने थोडा, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते, शेवटी उरलेला खुंट वळ्याशी. डांबर, शेण, रंग, काही लावायची गरज नसते.

झाडावर चढून एका हाताने करवत चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगतो. शिडीवरूनही नाही. त्यासाठी लांब दांड्याची करवत असते, हाताने ओढायची किंवा इंजिनाची. माणूस जमिनीवर आणि दात पंधरा फुटांवर. सानगडीसारख्या गावात एकच यंत्र घ्यायचं झालं, तर मी चेन सॉच्या आधी हेच घेईन. बॅटरीवरच्या लहान करवतीही आता चांगल्या निघाल्या आहेत. आवाज कमी, तेल मिसळणं नाही, दोन-तीन तासांच्या छाटणीला पुरतात. दिवसभराच्या कामाला मात्र दुसरी बॅटरी आणि भरवशाची वीज पाहिजे.

उरला तो फांद्यांचा ढीग. इथे चिपर येतो. हे यंत्र शेतकऱ्याला अनोळखी वाटायचं कारण नाही, कारण ती थोरली कडबा कुट्टीच आहे. जड चकतीवर सुऱ्या, समोर पक्की पोलादी धार, आणि फांदी आत ओढणारे रूळ. १८८४ साली जर्मनीत पीटर जेन्सन याने पहिलं असं यंत्र केलं असं मानलं जातं. सुऱ्यांऐवजी हातोडे असतील तर तो श्रेडर; तो पाला, झावळ्या, ओलं गबाळ कुटतो, पण जाड फांदीला नको. पाच-सात अश्वशक्तीचं लहान पेट्रोल यंत्र बोटभर ते दोन बोटं जाडीचं लाकूड नीट घेतं, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. मनगटाच्या जाडीसाठी ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा हवा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. तसा ट्रॅक्टर गावात असतोच.

धोकाही कुट्टीसारखाच, फक्त मोठा. मळणी यंत्रांनी इतके हात खाल्ले, की देशाला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. चिपरचे रूळ फांदी ज्या वेगाने ओढतात, तेवढ्या वेळात माणसाला हात सोडायचंही सुचत नाही. फांदी बुंध्याकडून घालायची, घातली की लगेच सोडून बाजूला व्हायचं. आखूड तुकडे हाताने ढकलायचे नाहीत, दुसऱ्या लांब फांदीने ढकलायचे. पदर, गमछा, सैल बाह्या, मनगटाशी ढगळ हातमोजे, यातलं काहीही तिथे नको. तोंड चोंदलं तर इंजिन बंद केल्यावरही चकती बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबून किल्ली खिशात आल्याशिवाय आत हात जात नाही. विकत घेताना आडवा लाल दांडा बघावा, अंग टेकलं की रूळ थांबवणारा. तो नसेल, तर पुढे बघायचंच नाही.

पण चिपर घ्यावा का? इथे माझं मत जरा उलटं आहे. झाडीपट्टीत फांदी वाया जात नाही. यंत्र सुरू करण्याआधी घरातल्या बायांना विचारावं, कारण जो ढीग पुरुषाला कचरा दिसतो तो चुलीचं चार महिन्यांचं सरपण असतो. बाभळीच्या काट्या कुंपणाला जातात. उरतं ते बारीक, पालेदार, आणि घाणेरीसारखं कुणालाच नको असलेलं. तेवढ्यासाठी यंत्र विकत घेणं परवडत नाही. बचत गटाने किंवा शेतकरी गटाने घेऊन भाड्याने फिरवलेलं परवडतं. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे बँकेची सोय आहे, अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. चिपर ओल्या फांद्यांवर चालवावा. ओलं लाकूड सुरीला सोपं जातं. निघालेला चुरा आंब्या-लिंबाच्या आळ्यात बोटभर ते चार बोटं जाड पसरावा, बुंध्यापासून वीतभर दूर. तो मातीत मिसळू नये. लाकडात कार्बन भरमसाठ आणि नत्र नावाला, त्यामुळे कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. वर नुसता पसरला तर ही अडचण येत नाही आणि ओल टिकते. ताज्या चुऱ्याचा मोठा ढीग गोठ्याला लागून करू नये, तो आतून चांगलाच तापतो.

परवानगीचं एक. स्वतःच्या धुऱ्यावरचं झाड असलं तरी पाडायला मोकळीक असतेच असं नाही. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडं तोडण्यावर नियमन करणारा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत साग, मोहा, ऐन, बिजा, चिंच, आंबा, जांभूळ ही आपली नेहमीची झाडंच आहेत. आधी वन विभागाकडे अर्ज, पंचनामा, मग तोड, आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा परवाना. करवतीने काम अर्ध्या तासात होतं म्हणून कागदाला लागणारा महिना चुकत नाही.

परवानगीने साग किंवा ऐन पाडलाच, तर शेवटचा काप सवडीने घ्यावा. खुंट जमिनीपासून वीतभर, माथा एका बाजूला उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. साल कुठे सोललेली नको. या जातींना खुंटावरून फुटवे येतात. पहिल्या पावसानंतर, पऱ्हे काढायच्या सुमाराला, खुंटाच्या कडेने कोवळ्या लालसर फुटींची झालर दिसायला लागते. त्या सगळ्या वाढू द्यायच्या नसतात. पुढच्या उन्हाळ्यात जमिनीच्या सर्वांत जवळची, सरळ चाललेली एक ठेवायची आणि बाकीच्या काढायच्या. त्याला साधा विळा पुरतो.